तुटता तारा की कोसळणारं रॉकेट? आधी सेकंद मोजा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास नागपूर, अकोला, चंद्रपूर आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपर्यंत लोकांना आकाशातून जळत जाणारी एक रांग दिसली. पुढे ठळक ठिपके, मागे लांबलचक शेपट्या, आणि सगळ्यांची दिशा एकच. व्हिडिओ लगेच फिरू लागले आणि सोबत तर्कही सुरू झाले. कुणी म्हणालं उल्का, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. व्यास साधारण ३ मीटर, वजन चाळीसेक किलो. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही मिळाले.

न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या एका रॉकेटचं नाव आधी पुढे आलं. मात्र हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले तेव्हाचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांच्या मते ते बहुधा चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. काम संपल्यावर हा रिकामा टप्पा वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याच्या संध्याकाळी विदर्भावर उतरला.

उल्का आणि असा कोसळणारा अवकाश कचरा, दोन्ही हवेत जळतात, दोन्हींना शेपूट असते, दोन्ही अचानक दिसतात. तरी त्यांच्यातला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. दुर्बीण लागत नाही, फक्त दिसल्या क्षणापासून मनात सेकंद मोजायला हवेत.

आपल्याला नेहमी दिसणारा तुटता तारा बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा किंवा बारीक खड्याएवढा असतो. जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंचीवर तो पेटतो आणि शेजारच्याला ‘ते बघ’ म्हणेपर्यंत विझलेला असतो. मोठा, चंद्रासारखा लख्ख अग्निगोल असला तरी तो काही सेकंदच टिकतो. रॉकेटचा टप्पा मात्र आकाशाच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जायला मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ घेतो. खिशातून मोबाइल काढून, कॅमेरा सुरू करून, घरच्यांना हाका मारून गच्चीवर बोलावल्यावरही जे आकाशात दिसत राहतं, ते बहुतेक वेळा माणसानेच वर पाठवलेलं असतं. पाडव्याचे इतके व्हिडिओ निघाले, ही गोष्टच त्या प्रकाशाची ओळख सांगत होती.

एवढा फरक का, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. जी वस्तू पृथ्वीभोवती फिरते आहे, ती सुटलेली नाही, म्हणजे तिचा वेग याहून कमीच असणार. खालच्या कक्षेतून उतरणाऱ्या रॉकेटचा किंवा उपग्रहाचा वेग साधारण ८ किलोमीटर असतो. उलट, जी वस्तू बाहेरून, सूर्याभोवतीच्या कक्षेतून येते, तिला पृथ्वी स्वतःकडे ओढते, म्हणून हवेत शिरताना तिचा वेग ११.२ च्या वरच असतो. उल्कांचा वेग तिथून सुरू होऊन ७२ पर्यंत जातो. डिसेंबरातल्या मिथुन राशीच्या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या सुमारे ७१. म्हणजे एकाच आकड्याच्या एका बाजूला सगळ्या उल्का आणि दुसऱ्या बाजूला आपण पृथ्वीभोवती फिरत सोडलेलं सगळं.

पाडव्याच्या घटनेला हे लावून बघा. बडवानी ते सिंदेवाही हे अंतर सरळ रेषेत ५०० किलोमीटरहून जास्त आहे. सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने ते कापायला मिनिटभर लागतं. साध्या उल्केची एवढी मजल जात नाही.

कोनाचाही यात वाटा आहे. कक्षेतली वस्तू हळूहळू खाली घसरत येते, त्यामुळे ती हवेत जवळजवळ आडवी शिरते आणि लांबवर जळत जाते. उल्का कुठल्याही कोनातून येते. क्वचित ती इतकी आडवी येते की हवेला नुसती घासून परत अवकाशात निघून जाते. १० ऑगस्ट १९७२ ला अमेरिकेच्या युटापासून कॅनडाच्या अल्बर्टापर्यंत भरदिवसा असा एक अग्निगोल सुमारे १०० सेकंद दिसला होता. म्हणून सेकंदांसोबत दुसरी खूण बघायची, ती तुकड्यांची.

उल्काही फुटते, पण तिचा खेळ लगेच आटोपतो. रॉकेटचा टप्पा म्हणजे टाक्या, कडी, नळ्या, इंजिन यांची जोडणी. ती सुटी होत जाते. हवा हलक्या आणि पसरट तुकड्यांना जास्त अडवते, जड आणि आटोपशीर तुकड्यांना कमी. त्यामुळे जड तुकडे पुढे जातात, हलके मागे पडतात, पण वाट सगळ्यांची एकच. ती जी रांग दिसते, ती यामुळे. (ज्या रांगेला शेपट्या नसतात, ठिपके एका रेषेत शांतपणे सरकत असतात आणि काहीच जळत नसतं, ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. त्यांच्यावरचा उजेड सूर्याचा असतो.)

रंगावरून मात्र निर्णय घेऊ नये. हिरवा, नारिंगी, पांढरा हे रंग दोन्हींत दिसतात, आणि मोबाइलचा कॅमेरा रात्री रंगाबाबत विश्वासाचा नसतो.

अशा वेळी गावोगाव एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्या टेकडीमागंच पडलं.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. साठ-सत्तर किलोमीटर उंचीवरचा प्रकाश दूर जाताना क्षितिजाकडे उतरत जातो आणि टेकडीआड गेला की जवळच पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो कैक जिल्हे पलीकडे असतो. उल्केतून अशनी, म्हणजे जळून उरलेला दगड, जमिनीवर पोचलाच, तरी त्याचा उजेड जमिनीच्या बराच वर, वीसेक किलोमीटरवर विझतो आणि उरलेला दगड अंधारातच खाली येतो. जळत जळत शेतात पडलेला दगड ही गोष्ट म्हणूनच सहसा खरी नसते. आपल्या लोणारला १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, ते येणारा पाषाण प्रचंड होता म्हणून. हवा त्याचा वेग मोडू शकली नाही. लहान दगडाचा वेग हवाच मोडून टाकते.

सापडलेल्या वस्तूवरून तर ओळख आणखी सोपी. ताज्या अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा काळपट, वितळून थिजलेला थर असतो. बहुतेक अशनींत लोह असतं, त्यामुळे लोहचुंबक चिकटतो. आकारमानाच्या मानाने ते हाताला जड लागतात. लाडबोरीचं कडं याच्या नेमकं उलट होतं: आकाराने मोठं, वजनाने हलकं. अशा वस्तूला हवा फार उंचावरच अडवते, म्हणून ती पुरती वितळायच्या आत मंदावते आणि शाबूत खाली येते. गोळ्यांचंही तेच. ते म्हणजे दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या. जाड तंतूंचे वेढे, वेल्डिंगची रेघ, झडपेचं तोंड यांतलं काहीही दिसलं, तर ती वस्तू कारखान्यातूनच आलेली असते.

ती हातात मात्र घेऊ नये. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन असतं. लहान मुलांना लांब ठेवून पोलीस ठाण्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवावं. सिंदेवाहीत इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. अशा तुकड्यांची जबाबदारी ज्या देशाने यान सोडलं त्याची असते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडात कोसळला आणि त्यापोटी कॅनडाने पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. आपणही या हिशेबाबाहेर नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलेलं मोठं नळकांडं भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा निघाला.

पुढच्या वेळी असं काही दिसलं, तर चित्रण करताना छताची कड, विजेचा खांब किंवा एखादं झाड चौकटीत राहू द्या, मोबाइल हलवू नका आणि आपण कुठे उभे आहोत ते बोलून ठेवा. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यावरून काही मोजता येत नाही. खांब दिसत असेल, तर अकोल्याचा एक आणि नागपूरचा एक, असे दोन व्हिडिओ जुळवून त्या प्रकाशाची उंची, वाट आणि वेग काढता येतो. वेग ११.२ च्या कुठल्या बाजूला पडतो, ते मग आकडाच सांगतो.