माणूस ज्या दिवशी रुजू होतो, त्याच दिवशी आम्हाला कळवा
(आमच्या पगारपत्रक व कामगार कायदा सेवेच्या ग्राहकांसाठी)

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या बहुतेक कारखानदारांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे: "मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा करायचा म्हणे, मग कामगाराच्या हातात कमी पैसे पडणार का?"

बहुतेकांच्या बाबतीत पडणार नाहीत. समजा, फिरतीवरच्या सेल्समनला 44,000 रुपये देता. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16,000, घरभाडे 16,000 आणि प्रवास भत्ता 12,000. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापर्यंतच वेतनातून वगळता येतात. इथे ते 28,000 झाले, म्हणजे निम्म्यापेक्षा 6,000 जास्त. हे 6,000 वेतनात धरायचे, की वेतन 22,000 होतं. पी.एफ. (भविष्य निर्वाह निधी) तुम्ही 15,000 च्या मर्यादेवर भरत असाल तर कपात आधी 1,800 होती, आताही 1,800 च राहते. फरक पडतो तो ग्रॅच्युइटीत. आधी एका वर्षामागे 9,231 रुपये धरत होतो, आता 12,692 धरावे लागतात. दहा वर्षं झालेल्या माणसामागे सुमारे 34,600 रुपयांची ही वाढ आहे. त्याची तरतूद आजपासून करा. व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता बघून महिन्याच्या मध्येच पगाराची फोड मात्र बदलू नका. आम्हाला विचारा, प्रत्येक माणसाचा हिशेब आम्ही करून देतो. चालू ग्राहकांना त्याचं वेगळं शुल्क नाही.

कायद्यातल्या बदलांवर लक्ष ठेवणं हे आमचं काम आहे आणि ते आम्ही मनापासून करतो. 1 जानेवारी आणि 1 जुलैला किमान वेतनाचा विशेष भत्ता बदलतो. परिपत्रक कधी कधी उशिरा हाती येतं, तेव्हा मागच्या तारखेपासूनचा फरक काढून देतो. कामगार कल्याण निधी 2024 पासून सहामाहीला कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये झाला. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल 2023 पासून व्यवसाय कर नाही. तरीही जुन्या एक्सेलमधून त्यांचे 200 रुपये कापलेले आम्हाला अजून सापडतात. त्या बाईंचे पैसे परत करायला लावतो, कारण ते त्यांचे आहेत.

पण तुमच्याकडे कोण आलं आणि कोण गेलं, हे आम्हाला कुठल्याही परिपत्रकातून कळत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 5 तारखेला मस्टर (हजेरीपत्रक) येतो, शेवटी पेनाने तीन नावं वाढवलेली असतात, आणि फोनवर कळतं, "ही पोरं गेल्या महिन्यातच लागली, सांगायचं राहिलं."

पूर्वी आधारची प्रत पाठवली की आम्ही कार्यालयात बसून यू.ए.एन., म्हणजे पी.एफ.चा कायमचा क्रमांक, काढत होतो. ऑगस्ट 2025 पासून नव्या कामगाराला सरकारच्या उमंग ॲपवर स्वतःचा चेहरा दाखवून तो काढावा लागतो. त्यासाठी माणूस समोर हवा आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. महिन्याने तो गावी गेलेला असला की पी.एफ. भरायचं चलन अडकतं, आणि उशिराचं वर्षाला 12 टक्के व्याज व महिन्याला 1 टक्का दंड तुमच्या खिशातून जातो.

ई.एस.आय.चं (कामगार राज्य विम्याचं) तर त्याहून नाजूक. रुजू झाल्यापासून दहा दिवसांत नोंद व्हायला हवी. आमच्या एका ग्राहकाकडे 3 तारखेला लागलेल्या मुलाचा हात 19 तारखेला प्रेस मशिनमध्ये सापडला. आमच्याकडे त्याचं नावच आलेलं नव्हतं. दवाखान्याचा सगळा खर्च मालकांनी भरला, न कुरकुरता भरला, पण त्या मुलाच्या पुढच्या हक्कांसाठी आम्हाला आणि त्यांना कित्येक महिने खेपा घालाव्या लागल्या. वेळेवर एक फोन आला असता तर हे टळलं असतं.

सोडून जाणाऱ्याचंही तसंच. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या माणसाचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं आहे. "पुढच्या पगारात फुल अँड फायनल करू" ही जुनी सवय आता चालत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र तीस दिवसांची मुदत आहे.

काही ग्राहक म्हणतात, "मागची तारीख टाकून नोंद करून टाका ना." ते आम्ही करत नाही. दुसरीकडे कुणी करून देत असेल, पण तपासणीत मस्टर आणि चलन शेजारी ठेवले की ते उघडं पडतं, आणि सही तुमची असते. उशिरा आलेल्या नावाची खरी तारीख घालून नोंद करतो आणि त्या जादा कामाचं शुल्क लावतो. त्याच दिवशी कळवलेल्या नावाला काहीच लागत नाही. आमचं महिन्याचं शुल्क थोडं जास्त वाटतं हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात हा सगळा पाठपुरावा आणि मराठीतलं नेमणूकपत्र धरलेलं असतं. नेमणूकपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं.

तेव्हा एवढं करा. नवा माणूस गेटमधून आत आला की आधार, बँक पासबुक आणि जुना यू.ए.एन. असल्यास तो, यांचे फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सॲपवर टाका, सोबत रुजू तारीख आणि ठरलेला पगार लिहा. ठेकेदाराची माणसं असली तरी कळवा. मस्टर 2 तारखेपर्यंत आला तर 7 च्या आत पगार आणि 15 च्या आत पी.एफ., ई.एस.आय.ची चलनं होतात. सुपरवायझरला हे सांगायला वेळ नसेल तर आमचा माणूस येऊन अर्ध्या तासात समजावून देईल.