ब्राउझरचा ठसा आणि ब्राउझरमधील फट: दोन चाचण्यांची गल्लत

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी आजही विंडोज ७ च्या संगणकावर होते, कारण श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि प्रिंटरचा त्याहून जुना ड्रायव्हर नव्या यंत्रावर धड चालत नाहीत. शेजारच्या टेबलावर हिशेबासाठी आणि बँकेच्या कामासाठी घेतलेला नवा लॅपटॉप आहे. मालकांनी एके दिवशी दोन्ही यंत्रांवरचे क्रोम ऑनलाइन तपासले आणि मला बोलावून घेतले. लॅपटॉपवर ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या चाचणीने ब्राउझरचा ठसा, म्हणजे त्याच्या तपशिलांवरून पटणारी ओळख, एकमेव असल्याचे बजावले होते, तर जुन्या संगणकावर एसएसएल लॅब्सच्या चाचणीत सगळे हिरवेगार होते. तेव्हा बँकेचे व्यवहार यापुढे जुन्या संगणकावरूनच करावेत, असे त्यांनी ठरवून टाकले होते. निर्णय नेमका उलटा हवा होता. पण ‘तुमचा ब्राउझर सुरक्षित आहे का ते तपासा’ या एकाच पाटीखाली या दोन्ही चाचण्या सुचवल्या जात असल्यामुळे अशी गल्लत सहज होते.

पहिली चाचणी, म्हणजे ‘कव्हर युअर ट्रॅक्स’, विचारते, ‘हा ब्राउझर गर्दीत ओळखू येतो का?’ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ‘पॅनॉप्टिक्लिक’ या नावाने ती सुरू केली आणि २०२० मध्ये तिला आजचे नाव दिले. पडद्याचा आकार, भाषा, टाइम झोन, फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड अक्षरे व आकृत्या कशी रेखाटते, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या की कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) नसतानाही ब्राउझर ओळखता येतो. सुरुवातीच्या अभ्यासात तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरपैकी ८३.६ टक्के ब्राउझरचा ठसा दुसऱ्या कुणाशीच जुळला नव्हता. मालकांच्या निकालात भाषेच्या रकान्यात मराठी होती आणि टाइम झोन म्हणून ‘एशिया/कलकत्ता’ लिहिले होते. कोल्हापुरातल्या यंत्रावर कलकत्ता पाहून ते जास्तच बिथरले, पण क्रोम भारतातील वेळेसाठी हे जुने नाव वापरतो, एवढेच त्याचे कारण. अक्षरजुळणीच्या यंत्रांची गोष्ट आणखी मजेची आहे. संकेतस्थळाला फॉन्टची आयती यादी मिळत नसली, तरी एखाद्या फॉन्टमध्ये मजकूर मांडून त्याची रुंदी मोजली की तो फॉन्ट यंत्रावर आहे की नाही हे कळते. त्यामुळे श्रीलिपीच्या फॉन्टची नावे ठाऊक असलेल्या संकेतस्थळाला आपला पाहुणा मराठी छपाईच्या धंद्यातला असावा, असा अंदाज सहज बांधता येईल.

हा प्रश्न खासगीपणाचा आहे आणि तो क्षुल्लक नाही. परंतु महाद्वार रोडवरच्या गर्दीत एखादा माणूस पाठमोराही ओळखू येतो, म्हणून त्याच्या घराचे कुलूप मोडके आहे असे कुणी म्हणत नाही.

कुलपाची चौकशी दुसऱ्या प्रकारची चाचणी करते, आणि तीही सगळ्या कुलपांची नव्हे. एसएसएल लॅब्सची ब्राउझरसाठीची चाचणी फक्त संकेतस्थळाशी होणारे कूटबद्ध संभाषण तपासते: टीएलएस या कूटबद्धतेच्या पद्धतीच्या कोणत्या आवृत्त्या चालतात, आणि २०१४ मधील पूडल किंवा २०१५ मधील फ्रीक व लॉगजॅम या त्रुटींना ब्राउझर बळी पडतो का. बॅडएसएसएल डॉट कॉम हे चाचणीचे संकेतस्थळ मुद्दाम मुदत संपलेली किंवा चुकीच्या नावाची प्रमाणपत्रे (संकेतस्थळाची ओळख पटवणारे दाखले) समोर ठेवते. तेथे ब्राउझरने मुकाट्याने पान उघडले, तर ब्राउझरमध्ये किंवा मध्ये बसून रहदारी तपासणाऱ्या अँटिव्हायरसमध्ये खोट आहे असे समजावे. दोन्ही साधने उपयोगी आहेत, मात्र त्यांची नजर दरवाजापुरतीच आहे.

छापखान्यातला जुना क्रोम १०९ या आवृत्तीवर थांबलेला होता. विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. टीएलएस १.३ तिला येते, पूडल-लॉगजॅमची भीती तिला नाही, म्हणून निकाल हिरवा. पण त्यानंतर सापडलेल्या त्रुटी या चाचणीच्या कक्षेत येतच नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये उघडकीला आलेली वेबपी चित्रांची त्रुटी घ्या: चित्र उलगडणाऱ्या भागात स्मृतीची मर्यादा ओलांडली जात होती, आणि खास बनवलेले एक चित्र पानावर दिसणे हल्ल्यासाठी पुरेसे होते. क्रोम, फायरफॉक्स यांना तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. कूटबद्धता तपासणाऱ्या चाचणीला अशा दोषाचा वासही लागत नाही, आणि एखाद्या प्रामाणिक संकेतस्थळाने तुमच्यावर खराखुरा हल्ला करून पाहावा, अशी अपेक्षाही रास्त नाही.

त्यामुळे बहुतेक साधने आवृत्तीचा क्रमांक वाचतात आणि त्यावरून अंदाज देतात. येथेही एक मेख आहे. २०२२ पासून क्रोम आपली ओळख सांगताना मुख्य क्रमांकापुढे केवळ शून्ये लावतो, म्हणजे १०९.०.०.०, आणि विंडोज ११ वर असतानाही स्वतःला विंडोज १० वरचाच म्हणवतो; हा बदल ठसा पुसट व्हावा म्हणूनच केलेला आहे. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात, पण संकेतस्थळाने स्वतंत्रपणे विचारणा केली नाही, तर ताजी दुरुस्ती बसली आहे की नाही हे त्या शून्यांमधून कळत नाही. ते कळते ब्राउझरच्याच मेनूत, मदत विभागातील ‘क्रोमविषयी’ या पानावर.

ठसा लपवण्याच्या हौसेत कुलूप ढिले होण्याचा धोकाही असतो. लाल निकाल पाहून मालकांच्या मुलाने लॅपटॉपवर चार एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) बसवली होती आणि त्यांतील तिघांना सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी होती, बँकेच्या पानासह. भरीला, क्वचितच कुणाकडे असणाऱ्या एक्स्टेन्शनमुळे ठसा कधी कधी अधिकच वेगळा उठतो. एक मात्र मी त्याला कागदावर लिहून दिले: तपासणी करता करता जे पान ‘ब्राउझर जुना झाला आहे, ही फाइल उतरवून घ्या’ असे सांगते, ते तपासणीचे पानच नव्हे.

आता बँक आणि जीएसटी लॅपटॉपवर आहे, एका जाहिरातरोधकाखेरीज सगळी एक्स्टेन्शन काढली आहेत आणि ठसा अर्थातच अजून एकमेव आहे. जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे; पत्रिकांचे मजकूर त्याच्याकडे पेनड्राइव्हने जातात, आणि तो पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासला जातो.