व्हाइटचॅपल १८८८: खऱ्या तपासातून कादंबरीकडे

३१ ऑगस्ट १८८८. मध्यरात्र उलटून गेल्यावर लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या एका लॉजिंग हाउसमधून मेरी ॲन निकोल्सला बाहेर काढलं, कारण रात्रीच्या खाटेचे चार पेनी तिच्याकडे नव्हते. पैसे आत्ता घेऊन येते, असं सांगताना तिने डोक्यावरची नवी बॉनेट (टोपी) कौतुकाने दाखवली. पहाटे पावणेचारच्या सुमारास बक्स रो या अंधाऱ्या रस्त्यात तिचा मृतदेह सापडला.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये सिरियल किलरचा माग काढणाऱ्या बहुतेक रहस्यकादंबऱ्यांचं मूळ इथे आहे. पुढच्या दहा आठवड्यांत ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली मारल्या गेल्या. ही पाच नावं आधी लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. कादंबऱ्यांत त्या बऱ्याचदा नुसती प्रेतं म्हणून येतात.

मुळात डिटेक्टिव्ह हा प्रकारच तेव्हा फार जुना नव्हता. लंडनचं गणवेशधारी पोलीस दल १८२९ चं. साध्या वेशातला पोलीस म्हणजे सरकारी हेर, अशी लोकांची धास्ती. त्यामुळे १८४२ मध्ये डिटेक्टिव्ह शाखा निघाली तीही फक्त आठ माणसांची. याच शाखेतला जॅक व्हिचर १८६० मध्ये रोड नावाच्या खेड्यात गेला. एका सुखवस्तू घरात लहान मुलाचा खून झाला होता. व्हिचरचा संशय सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर गेला आणि हातात धागा होता तिच्या नाहीशा झालेल्या नाइटगाउनचा. व्हिचरसारख्या माळ्याच्या मुलाने घरंदाज मुलीच्या कपड्यांची चौकशी करावी, यावर लोक खवळले. खटला उभाच राहिला नाही, व्हिचरची अब्रू गेली. १८६५ मध्ये त्या मुलीने स्वतःहून कबुली दिली, पण तोवर उशीर झाला होता. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीतला डागाळलेला नाइटगाउन आणि तिच्यातला डिटेक्टिव्ह सार्जंट कफ यांच्यामागे हेच प्रकरण आहे.

१८७७ मध्ये शाखेतले वरिष्ठ अधिकारीच लाचखोरीत अडकले आणि पुढच्या वर्षी सीआयडी उभी राहिली. म्हणजे व्हाइटचॅपलचे खून झाले तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती.

३० सप्टेंबरची रात्र तर कुणी रचली असती तर खोटी वाटली असती. दारूच्या नशेत पकडलेल्या कॅथरीन एडोजला बिशप्सगेट चौकीतून रात्री एक वाजता सोडलं. पाऊण तासात ती मायटर स्क्वेअरमध्ये मृत सापडली. ही जागा सिटी पोलिसांच्या, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यवर्ती भागाच्या वेगळ्या दलाच्या हद्दीत होती; बाकीचे खून उरलेल्या लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या हद्दीत. तिच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा मिळाला तो गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका दारात, म्हणजे पुन्हा मेट्रोपॉलिटन हद्दीत. वर भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक ओळ लिहिलेली. सिटी पोलिसांना तिचा फोटो हवा होता. पण रविवार होता, थोड्याच वेळात बाजार भरणार होता आणि वस्ती ज्यूंची. दंगल उसळेल या भीतीने मेट्रोपॉलिटन पोलिसांचे आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्याआधी ती ओळ पुसायला लावली. भीती खोटी नव्हती, पण ती ओळ कायमची गेली. तपासातल्या अशा कात्रीत सापडलेला माणूस हाच या कादंबऱ्यांचा खरा नायक.

खुन्याचं नावही एका पत्रातून आलं. २७ सप्टेंबरला सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेला मिळालेल्या त्या पत्रावर ‘जॅक द रिपर’ अशी सही होती. ते कुणा पत्रकारानेच लिहिलं, असं काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचं मत होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

या खुनांचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर फ्रेडरिक ॲबरलाइनला व्हाइटचॅपलची गल्ली न् गल्ली पाठ होती. त्यापलीकडे हाताशी होतं काय? १८८७ च्या अखेरीस छापलेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स रक्ताचा डाग ओळखणारी रासायनिक चाचणी शोधून काढतो. प्रत्यक्षात रक्त माणसाचं की जनावराचं, हे सांगणारी खात्रीची चाचणी १९०१ ची. स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभागही १९०१ चाच आणि तिथली पद्धत आधी कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीतून बसलेली. ॲबरलाइन १८९२ मध्येच निवृत्त झाला होता.