गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, सलग अकरा वेळा नव्हे

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, हे राजकारणाची थोडीफार आवड असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), आयुष्यभर एकच मतदारसंघ, एसटीचा प्रवास, साधी राहणी, कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘आबासाहेब’. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा सगळीकडे लिहिलं गेलं. ते बरोबरच आहे आणि मी त्यावर इथे जास्त लिहिणार नाही.

मला खुपतो तो त्या आकड्याला चिकटलेला एक शब्द: ‘सलग’. ‘सलग अकरा वेळा आमदार’. श्रद्धांजलीच्या फलकांवर हे वाचलं, व्हॉट्सअॅपवर वाचलं, स्पर्धा परीक्षेच्या एका टिपणवहीतही वाचलं. त्या वहीच्या समासात मी पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली आहे, पण एका वहीने काय होणार! दर काही महिन्यांनी तेच वाक्य नव्या फोटोखाली परत येतं, आणि सोबत त्याचा धाकटा भाऊही येतो: ‘५५ वर्षे आमदार’.

किती वेळा निवडून आले आणि किती काळ अखंड आमदार होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गणपतरावांच्या बाबतीत दोन्हींची उत्तरं इतकी वेगळी आहेत की ती एकत्र कालवली की माणूसच बदलून जातो.

आधी सालं पाहू. १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. अकरा भरली. आता या रांगेत काय नाही ते बघा. १९७२ नाही आणि १९९५ नाही. या दोन्ही निवडणुका गणपतरावांनी लढवल्या आणि दोन्हींत ते पडले.

१९७२ समजून घ्यायला फार खोलात जावं लागत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचं युद्ध जिंकलेलं, मार्चमध्ये निवडणूक, आणि २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला. त्या पुरात विरोधकांची मोठमोठी झाडं उन्मळून गेली, त्यात सांगोलाही गेलं.

पण खरी गंमत १९७४ च्या आकड्यात आहे. बहुतेकांची गाडी इथेच अडते. १९७४ ला महाराष्ट्रात विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती. ती होती सांगोल्याची पोटनिवडणूक. मतदारसंघाची जागा मध्येच रिकामी झाली, गणपतराव पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. त्यामुळे एखादा चिकित्सक वाचक फक्त सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल उघडून मोजायला बसला, तर त्याला दहाच विजय सापडतात. मग तो म्हणतो, अकरा हा आकडा फुगवलेला आहे. असं म्हणणारे मला भेटले आहेत आणि त्यांच्या कष्टाचा मला आदर आहे, पण ताळा करताना पोटनिवडणूक हातची राहून गेली. दहा सार्वत्रिक आणि एक पोटनिवडणूक, म्हणून अकरा. आकडा पक्का आहे. ‘सलग’ कच्चा आहे.

या पोटनिवडणुकीमुळे आणखी एक गोष्ट घडली, जी मला सगळ्या कारकिर्दीत सर्वांत देखणी वाटते आणि जी जवळजवळ कुणीच सांगत नाही. १९७२ ला हरूनही ते त्या विधानसभेत बसलेच, फक्त उशिरा. १९६२ ची पहिली विधानसभा धरली तर २०१४ ची बारावी येते. या बारांपैकी एकाच विधानसभेत गणपतराव नव्हते: १९९५ ची आठवी. बारांतल्या अकरा विधानसभांच्या हजेरीपटावर एकाच मतदारसंघापुढे एकच नाव. विक्रम सांगायचाच असेल तर असा सांगावा. एवढं भारी वाक्य हाताशी असताना ‘सलग’ची भेसळ कशाला करायची, हे मला कधीच कळलेलं नाही.

आता सलग म्हणजे किती, तेही मोजू. १९६२ आणि १९६७, दोन विजय, मग खाडा. १९७४ ते १९९०, ओळीने पाच, मग खाडा. १९९९ ते २०१४, ओळीने चार. म्हणजे त्यांची सगळ्यात लांब अखंड माळ पाच विजयांची आहे. सलगपणाच्या कसोटीवर त्यांच्या पुढे असलेले नेते महाराष्ट्रातच सापडतील. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ ला अपक्ष म्हणून निवडून आले आणि २०१९ पर्यंत एकदाही न हरता आठ वेळा जिंकले. २०२४ ला ती माळ तुटली. सलग आठ हे थोरातांचं, एकूण अकरा हे गणपतरावांचं. दोघांच्या पाट्या एकमेकांच्या गळ्यात घालू नयेत. दोन्ही कर्तबगारी खऱ्या आहेत, पण एक मतदारसंघ न सुटू देण्याची आहे आणि दुसरी सुटलेला मतदारसंघ परत मिळवण्याची.

दुसऱ्या खाड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण माझ्या मते गणपतराव कळायला १९९५ कळावं लागतं. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. तेहतीस वर्षांत सांगोल्याने त्यांना सात वेळा गुलाल लावला होता. आणि काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी पाडलं. एकशे ब्याण्णव! एखाद्या मोठ्या वाडीवरची मतं. हेच ते शहाजीबापू, ज्यांना आजची तरुण मंडळी २०२२ च्या गुवाहाटीच्या फोनवरच्या ‘काय झाडी, काय डोंगर’मुळे ओळखतात. पण सांगोल्यात त्यांचं नाव त्याआधी सत्तावीस वर्षांपासून याच १९२ मतांशी जोडलेलं आहे.

त्या वयात, इतक्या निसटत्या फरकाने पडलेला माणूस काय करतो? बरेच जण विधान परिषदेची खटपट करतात. काही जण पक्ष बदलतात, आणि शेकापसारख्या लहान होत चाललेल्या पक्षातून बाहेर पडायला कारण शोधावं लागलं नसतं. काही जण मुलाला पुढे करतात. गणपतराव त्याच पक्षातून, त्याच तालुक्यात राहिले. १९९९ ला निवडून आले आणि मग २०१९ पर्यंत सांगोल्याने त्यांना जाऊ दिलं नाही. विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्रीही झाले ते या पुनरागमनानंतर. त्याआधी १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात होते. मंत्रिपद त्यांच्या कारकिर्दीत एवढंच. बाकी काळ बहुतांश विरोधी बाकांवर.

म्हणून ‘सलग’ या शब्दावर माझा इतका राग आहे. तो शब्द लिहिणाऱ्याला वाटतं आपण आबासाहेबांना मोठं करतोय. प्रत्यक्षात तो १९७२ पुसतो, १९७४ पुसतो, १९९५ पुसतो. कधीच न हरलेला माणूस होतो तयार, आणि दोनदा हरून, दोनदा त्याच लोकांपुढे जाऊन हात जोडणारा माणूस हरवतो. सांगोल्याच्या लोकांवरही तो अन्याय आहे. त्यांनी डोळे मिटून मतं दिली नाहीत. दोनदा नको म्हटलं आणि दोनदा परत बोलावलं.

आता त्या धाकट्या भावाकडे, ‘५५ वर्षे’. हा आकडा कुठून येतो ते उघड आहे: अकरा गुणिले पाच. कुठे एक वर्ष कमी करून ५४ लिहितात. पण विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते याचा अर्थ प्रत्येक विधानसभा पाच वर्षं चालतेच असं नाही. १९७२ ची विधानसभा आणीबाणीच्या काळातल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीमुळे लांबली आणि पुढची निवडणूक थेट फेब्रुवारी १९७८ ला झाली. ती १९७८ ची विधानसभा मात्र फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली. जेमतेम दोन वर्षं. ज्याने ‘अकरा टर्म म्हणजे पंचावन्न वर्षं’ असा हिशेब केला, त्याने या दोन वर्षांच्या टर्मलाही पाच मोजलं आणि पोटनिवडणुकीतल्या उरलेल्या मुदतीलाही पाच मोजलं.

सरळ बेरीज अशी. १९६२ ते १९७२, दहा वर्षं. १९७४ ते १९८०, पाच-सहा. १९८० च्या मध्यापासून १९९५ पर्यंत, पंधराला थोडी कमी. १९९९ ते २०१९, वीस. पन्नास-एक्कावन्न वर्षं होतात. अर्धशतकाच्या पुढे आणि पंचावन्नच्या बरंच अलीकडे. पन्नास वर्षं आमदार असणं हे काय कमी आहे का, की त्यात चार-पाच वर्षांचं पाणी घालावं?

निवडणुका, विधानसभा आणि वर्षं ही तीन वेगळी मापं आहेत, हे बाकी नेत्यांकडे पाहिलं की आणखी पटतं. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर १९९० पासून नऊ वेळा निवडून आले असं म्हणतात आणि ते खरं आहे, पण १९९० ते २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणुका आठच झाल्या. नारायण राणेंबरोबर शिवसेना सोडल्यावर त्यांनी राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवली, तो नववा विजय. नऊ विजय, आठ विधानसभा. केरळमधल्या पालाचे के. एम. मणी १९६५ पासून तेरा वेळा जिंकले, कधीच हरले नाहीत. पण १९६५ ला तिथे कुणालाच बहुमत न मिळाल्याने ती विधानसभा अस्तित्वातच आली नाही. तेरा विजय, बारा विधानसभा. करुणानिधींनीही १९५७ ते २०१६ मध्ये तेरा निवडणुका लढवल्या आणि तेराही जिंकल्या. तरी ते अखंड आमदार नव्हते: १९८३ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर राजीनामा दिला, १९८४ ची विधानसभा लढवलीच नाही, आणि १९९१ ला जिंकूनही जागा सोडली. एकदाही न हरता खाडा पडू शकतो, तो असा. ‘अपराजित’ आणि ‘अखंड’ हेही एक नव्हेत.

याच ओघात आणखी एक दावा निकालात निघतो. अकरा विजय हा महाराष्ट्राचा विक्रम आहे, देशाचा नाही. ‘देशात सर्वाधिक वेळा’ असं लिहिण्याआधी मणी आणि करुणानिधी आठवावेत. ‘एकाच मतदारसंघातून सर्वाधिक’ म्हणून सुटकाही होत नाही, कारण मणींचे तेराही विजय पालाचेच, आणि केरळमधल्याच पुथुपल्लीतून ओमन चंडी बारा वेळा आले.

किरकोळ चुका भराभर सांगतो. गणपतरावांचा जन्म सांगोल्याचा नव्हे, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. ते कायम विधानसभेचे आमदार होते. विधान परिषदेचाही सदस्य आमदारच म्हणवतो, म्हणून ‘आमदारकीची वर्षं’ मोजताना कोणतं सभागृह ते लिहावं, पण यांच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. आणि विलासराव देशमुख लातूरचे, काँग्रेसचे. आडनावापलीकडे नातं जोडू नये.

एक नवी गल्लत मात्र आत्ताच अडवलेली बरी. २०१९ ला आबासाहेब थांबले आणि नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून, आणि फरक ७६८ मतांचा. शेकापने सांगोला गमावलं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच उभे राहिले आणि शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून जास्त मतांनी हरवून विधानसभेत गेले. त्या निवडणुकीत शेकापला राज्यभरात मिळालेली ती एकमेव जागा. हा विजय ‘देशमुखांची बारावी टर्म’ म्हणून आजोबांच्या खात्यात जमा करू नका. ती बाबासाहेबांची पहिली आहे, आणि तिचा हिशेब १९६२ पासून नाही, २०२४ पासून मांडायचा.