घडणीची कादंबरी

बालपणातून किंवा पौगंडावस्थेतून बाहेर पडून स्वतःची ओळख शोधणाऱ्या पात्राचे घडणे हा जिचा मुख्य विषय असतो, अशी कादंबरी. जर्मनमध्ये तिला ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. ‘बिल्डुंग’ या शब्दात शिक्षण, संस्कार आणि आकार येणे हे तिन्ही अर्थ आहेत. नायक वयाने मोठा झाला एवढ्याने कादंबरी या प्रकारात बसत नाही. ‘मी कोण’ या प्रश्नाचे त्याच्याजवळचे उत्तर सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरे असावे लागते. त्यासाठी किती काळ दाखवायचा याचा नियम नाही. जेम्स जॉइस यांची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ (१९१६) बोबड्या बोलांपासून तरुणपणापर्यंत जाते, तर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ला (२००४) नववीचे एक वर्ष पुरते.

संज्ञा आणि मूळ नमुना : ही संज्ञा कार्ल मॉर्गेनस्टर्न या प्राध्यापकांनी दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील व्याख्यानांत मांडली, त्यांतले १८१९चे व्याख्यान विशेष प्रसिद्ध आहे. पुढे जर्मन विचारवंत विल्हेल्म डिल्टाय यांच्यामुळे ती रूढ झाली. नमुना म्हणून गोएथे यांच्या ‘विल्हेल्म माइस्टर’कडे (१७९५–९६) बोट दाखवले जाते. तिच्या मूळ नावातला ‘लेअरयारे’ हा शब्द कारागिराच्या हाताखाली काढलेल्या उमेदवारीच्या वर्षांसाठी वापरतात. व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या नादी लागतो, चुकतो आणि अखेरीस समाजात आपली जागा शोधतो, असा तिचा आराखडा. घर सोडणे, शहर, चुकीचे गुरू, प्रेमभंग आणि तडजोड हे टप्पे पुढे युरोपभर गिरवले गेले. पण टप्पे मोजून हा प्रकार ओळखायला जाणे फसवे आहे. ते सगळे असूनही पात्र जागचे हललेले नसते, अशी उदाहरणे कोणत्याही ग्रंथालयात सापडतील.

दोन ‘मी’ : या प्रकारातल्या बऱ्याच कादंबऱ्या प्रथमपुरुषी असतात, आणि त्यांत एकाच नावाचे दोन ‘मी’ वावरतात. एक त्या वेळी भोगणारा, दुसरा नंतर सांगणारा. वाढ मोजायची ती या दोघांमधल्या अंतराने. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०–६१) लहानगा पिप पत्ते खेळताना गुलामाला ‘जॅक’ म्हणतो; वरच्या वर्गात त्याला ‘नेव्ह’ म्हणत. सुखवस्तू घरातली एस्टेला त्या शब्दाला हसते, त्याच्या राठ हातांना आणि जाड बुटांना नावे ठेवते. तोवर पिपला आपल्या हातांत काही कमी वाटले नव्हते. त्या क्षणापासून तो स्वतःकडे एस्टेलाच्या डोळ्यांनी पाहू लागतो, आणि ज्या लोहाराने त्याला मायेने वाढवले त्या मेहुण्याची, जोची, त्याला लाज वाटू लागते. हे सांगणारा प्रौढ पिप मात्र त्या लाजेचीच लाज बाळगून आहे. ओळख बहुधा अशीच आकार घेते : आधी दुसऱ्याच्या नजरेतून, मग त्या नजरेशी भांडून.

हे अंतर किती ठेवायचे, हा लेखकाचा सर्वांत मोठा निर्णय. ‘शाळा’मध्ये ते जवळपास शून्य आहे. मुकुंद जोशी नववीतल्या मुलाच्या भाषेत बोलतो, प्रौढ मुकुंद मध्ये येऊन खुलासा करत नाही. ‘लाईन’ या शब्दात त्याच्या वर्गाचे अख्खे प्रेमशास्त्र मावते. बाहेर आणीबाणी आहे, ती मुलाच्या कानावर पडते तेवढीच कादंबरीत येते. प्रकाश नारायण संत यांचा लंपन (‘वनवास’, १९९४ आणि पुढची पुस्तके) तांत्रिकदृष्ट्या कादंबरीत बसत नाही, ती कथामालिका आहे. तरी बेळगावकडच्या, कानडीचा वारा लागलेल्या मराठीत मुलाचे मन कसे उभे करावे याचा धडा म्हणून ती इथे टाळता येत नाही.

मराठीतली वळणे : मराठीत या प्रकाराचा पाया एका मुलीच्या गोष्टीने घातला. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. यमू आपले बालपण, लग्न आणि सासर स्वतः सांगते. नवऱ्याच्या उत्तेजनाने ती वाचते, मुंबईत सुधारक मंडळींत वावरते, तिची समज पानागणिक वाढते. नवरा जातो आणि तिचे केशवपन बळजबरीने केले जाते. युरोपीय आराखड्यात वाढीचे बक्षीस म्हणून समाजात जागा मिळते. यमू जितकी वाढते तितकी तिची जागा आक्रसते. स्त्रियांच्या घडणीला तोच आराखडा लावून चालत नाही हे इंग्रजी समीक्षेने १९८०च्या दशकात जोरकसपणे मांडले. मराठी वाचकाला ते यमूने कधीच दाखवले होते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) आराखडाच उलटा केला. खानदेशातल्या सांगवीहून पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहाच्या कारभारात पैसे आणि उमेद घालवून बसतो आणि पदवीशिवाय गावी परततो. बाहेरून पाहिले तर हे नापास होणे आहे. आतून पाहायचे तर त्याचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ऐकावे लागतात. ‘मी अमुक आहे’ असे ठाम म्हणायची वेळ आली की तो ‘उदाहरणार्थ’ घालून विधान सैल करतो. पंचविशीतला माणूस स्वतःलाच एक नमुना म्हणून सादर करतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, त्या भागात मात्र ही थट्टा टिकत नाही. ओळख ठरवण्याचे नाकारणे हीदेखील घडण असू शकते, हे ‘कोसला’नंतर मराठीत मान्य झाले. दुर्दैवाने तिची नक्कलही फार झाली, आणि नकलेत ‘वगैरे’ उरले, मनी उरली नाही.

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी कागलच्या मळ्यातल्या मुलाची. शाळेला बापाचा विरोध, मोटेवरची आणि पाण्याची कामे, चोरून वाचन. इथे शिक्षण हे बक्षीस आहे आणि घरापासून तोडणारी सुरीही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण दोन ‘मीं’चे तंत्र त्यात जितके उघडे आहे तितके क्वचितच दिसते. सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसतात, आणि शिकलेल्याला न शिकलेल्याचे ऐकून घ्यावे लागते.

वाढ कशी तपासावी : सुरुवातीचा आणि शेवटाकडचा, सारख्याच प्रकारचा एकेक प्रसंग शेजारी ठेवावा. बापाशी बोलणे, घरी परतणे, जेवणाची पंगत, काहीही चालेल. पात्राच्या नजरेत काय भरते, ते काय गाळते आणि कोणाला दोष देते, हे दोन्हीकडे पाहावे. मराठीत आणखी एक बारीक खूण मिळते : संबोधन. ‘अरे’ म्हणणारे कोण, ‘अहो’ पहिल्यांदा कोणी म्हटले, आणि पात्राला ते रुचले की बोचले? मुलीच्या बाबतीत लग्नात नाव बदलण्याची चाल होती, त्यामुळे ‘ओळख बदलणे’ हे तिथे शब्दशः घडते. नवे नाव सासरी रुळले तरी माहेरी कोणते चालते, एवढ्या एका तपशिलावर चांगला लेखक एक प्रकरण उभे करू शकतो.

बिघडते कुठे : सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी चाळिशीचे शहाणपण. सांगणारा प्रौढ असेल तर शब्द प्रौढ चालतात, पण त्या वेळचे आकलन मुलाचेच हवे. दोन्हींची सरमिसळ झाली की अंतर पुसले जाते. दुसरा दोष, आठवणींची पोतडी : आजीची गोधडी, गावची जत्रा, पहिला सिनेमा. प्रसंग एकेकटे सुरेख असतात, पण क्रम बदलला तरी काही बिघडत नाही, म्हणजे मधे काही घडलेलेच नाही. तिसरा, सोयीचा मृत्यू. पात्राला मोठे करण्यासाठी आई, आजी किंवा मित्राला मारले जाते आणि पुढच्याच प्रकरणात पात्र शहाणे होते. दुःख एवढ्या झटपट पचत नाही. शिवाय लहानपणावर दोनशे पाने खर्चून कॉलेज, नोकरी, लग्न शेवटच्या तीसमध्ये कोंबले जाते. लेखकाला आपले बालपण आवडते, आणि नेमके निर्णय घेण्याचे वय त्याला अडचणीचे वाटते.

शेवट हा तर या प्रकाराचा जुना दुखरा भाग. डिकन्स यांनी पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट लिहिली होती. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्याने त्यांनी छापण्यापूर्वी ती बदलली, आणि दोघे पडक्या वाड्याच्या आवारात पुन्हा भेटतात असा शेवट केला. वाचकांना दुसरा आवडला, पण बरेच समीक्षक आजही पहिल्याच्या बाजूने आहेत. ‘शाळा’त हा पेच उद्भवतच नाही : मुकुंदला आवडणाऱ्या शिरोडकरचे कुटुंब गाव सोडून जाते, आणि मुकुंदपुढे दहावी उभी असते.