इंजिनात शिरणारी चोरटी हवा

इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलवर थांबलं की गाडीला हुडहुडी भरायची. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्यांचा काटा ८०० च्या आसपास वरखाली व्हायचा, स्टिअरिंग थरथरायचं आणि वेग घेतला की सगळं निवळायचं. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर.

जुना सेन्सर खरं तेच सांगत होता. पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आहे आणि पेट्रोल कमी. १ ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. २० टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला, ते ऑक्सिजन सेन्सर बघतो. जास्त उरला, तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. या वाढ-घटीला फ्युएल ट्रिम म्हणतात. पाच-दहा टक्क्यांचा फरक चालतो. वीस-पंचवीस टक्के वाढवूनही हिशेब जुळेना आणि पुढच्या वेळी गाडी चालवतानाही तेच दिसलं, की दिवा लागतो. बिघडलेला भाग कोणता, हे त्याला ठाऊक नसतं. जमाखर्च जुळत नाही, एवढंच तो कळवतो.

मग न मोजलेली हवा येते कुठून? इंजिन हवा ओढतं असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा आत ढकलली जाते. गाडी उभी असताना थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन मात्र हवा गिळतच राहतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे झडपेपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या पाइपांमधला दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. अशा वेळी जिथे भेग असेल तिथून वातावरण आत घुसतं. आतला दाब बाहेरच्या निम्म्याच्या आसपास उतरला, की भेगेतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्यापुढे तिचा ओघ वाढत नाही. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी बारीक सीऽऽ या धावणाऱ्या हवेचीच असते.

२ मिलिमीटरचं भोक घेऊ. माझ्या हिशेबाने त्यातून सेकंदाला अंदाजे अर्धा ग्रॅम हवा शिरते. १२०० सीसीचं इंजिन उभ्या गाडीत सेकंदाला अडीच ग्रॅमच्या आसपास हवा घेतं. म्हणजे पाचवा हिस्सा चोरवाटेने आला. तेच इंजिन २५०० आरपीएमवर आठ-नऊ ग्रॅम घेतं, पण भोकातून येणारी हवा अर्ध्या ग्रॅमपुढे जात नाही. तिचा वाटा पाच-सहा टक्क्यांवर येतो. माझी गाडी सिग्नलवर थरथरून रस्त्यावर शहाणी का व्हायची, याचं उत्तर इथेच आहे.

तपासणीही यातूनच सुचते. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावायचा, मोबाइलवर ट्रिम बघायचा आणि गाडी उभी ठेवून आरपीएम २५०० वर न्यायचा. माझा ट्रिम २३ टक्क्यांवरून ७ वर आला: गळती हवेचीच. उलट तो आरपीएमबरोबर चढत गेला, तर दमलेला पेट्रोल पंप, तुंबलेला पेट्रोलचा फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर यांच्याकडे वळावं. एक मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा थेट मोजतच नाहीत. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज बांधतात. तिथे चोरटी हवाही त्या दाबात धरली जाते. ट्रिम फारसा बिघडत नाही, पण उभ्या गाडीचा आरपीएम चढून बसतो.

जुने मेकॅनिक व्हॅक्यूम गेज लावतात; मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे, ते त्यावर दिसतं. त्याचं माप पाऱ्याच्या इंचांत असतं. पुस्तकांतले निरोगी इंजिनाचे १७ ते २१ इंच समुद्रसपाटीचे आहेत. इंदूर साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे बाहेरच्या हवेचा दाबच सुमारे २८ इंच. त्यामुळे इथलं वाचन दीड-दोन इंचांनी कमीच येणार. समुद्रसपाटीजवळच्या वडोदऱ्यात १८ दाखवणारं इंजिन इथे १६ दाखवेल, आणि ते तितकंच धडधाकट असेल.

नेमकी जागा शोधून दिली ती आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांनी. "बंद नको करूस, चालू राहू दे," म्हणाले आणि रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं पाइपांवरून फिरवू लागले. कार्बोरेटर क्लीनर फवारायचा सल्ला सर्रास दिला जातो. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, म्हणून मला तो मुळीच पटत नाही. काकांनी साबणाचं पाणी वापरलं. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यातला वायू इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही नळीच्या वाकणाखाली फवारताच सीऽऽ थांबली, इंजिन क्षणभर सरळ झालं. बॉनेटखालच्या उष्णतेने रबर तडकलं होतं. वरून काही दिसत नव्हतं.

याच पद्धतीने मॅनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे त्याच्या सांध्यातली पट्टी तपासता येते. ते कधी थंड असतानाच गळतं आणि धातू तापून फुगला की बंद होतं. ऑइलचं झाकण सैल राहिलं तरी हाच कोड येऊ शकतो. ब्रेक दाबताना सीऽऽ येत असेल आणि पेडल कडक लागत असेल, तर पेडलला जोर देणारा ब्रेक बूस्टर गळतोय. अशी गाडी चालवू नका. दिवा लुकलुकत असेल तरीही थांबा. तेव्हा न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं आणि तो जळून जातो.

जुना सेन्सर मी वर्कशॉपमधून मागून आणला होता. नवी नळी बसवल्यावर काकांनी तोच परत लावला. ट्रिम २ टक्क्यांवर स्थिरावला.