भारद्वाज

भारद्वाज : कोकिळ-कुलातील एका पक्ष्याचे मराठी नाव, तसेच ऋषिवंशवाचक व्यक्तिनाम, गोत्रनाम व आडनाव. पक्ष्याचे शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस असून कोकणात तो कुकुडकोंबा, कुंभारकावळा, सोनकावळा या नावांनीही परिचित आहे.

संस्कृतात मूळ ऋषी भरद्वाज आणि त्याचा वंशज तो भारद्वाज. महाभारतात द्रोणाचार्यांना हे नाव याच अर्थाने लावलेले आढळते. ऋग्वेदाचे सहावे मंडल मुख्यत्वे या ऋषिकुलाकडे जाते. नावाची पौराणिक व्युत्पत्ती भागवतात (९.२०) व विष्णुपुराणात आहे : बृहस्पती व त्याच्या भावाची पत्नी ममता यांनी नवजात बालकाविषयी एकमेकांना ‘भर द्वाजम्’, म्हणजे या दोघांपासून झालेल्याचे तू भरण कर, असे म्हटले. ही व्युत्पत्ती कथेसाठी रचलेली दिसते. ‘भरत्’ (वाहून आणणारा) आणि ‘वाज’ (बळ, अन्न, जिंकलेले धन) अशी फोड वैदिक भाषेशी अधिक जुळते.

संस्कृतातील भरद्वाज पक्षी नेमका कोणता, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात ‘व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः’ (व्याघ्राट म्हणजेच भरद्वाज) असे म्हटले आहे, पण वर्णन नाही. मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश भरद्वाज म्हणजे चंडोल असा अर्थ देतो. चंडोल उघड्या माळावरचा, गात उंच चढणारा लहान पक्षी. कुकुडकोंबा मात्र जड अंगाचा, उडण्यात मंद आणि झुडपांत वावरणारा. तेव्हा कोशातील अर्थ ग्राह्य धरल्यास हे नाव मराठीत दुसऱ्या पक्ष्याकडे आले असे मानणे सयुक्तिक ठरते.

कोकणस्थ (चित्पावन) ब्राह्मणांच्या चौदा गोत्रांत भारद्वाज हे एक असून त्याचे प्रवर (गोत्राबरोबर उच्चारली जाणारी पूर्वज ऋषींची नावे) आंगिरस, बार्हस्पत्य व भारद्वाज असे तीन आहेत. कपि व गार्ग्य ही गोत्रे त्याच गणातील (गोत्रसमूहातील) असल्याने या तिघांत परस्पर विवाह परंपरेने वर्ज्य होता. गोत्रनाम ऋषीवरून आले आहे. पक्ष्याशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

हा पक्षी सुमारे ४८ सेंमी. लांब, काळा, विटकरी पंखांचा व लाल डोळ्यांचा असतो. नारळी-पोफळीच्या बागा, केवड्याची बने व बांबूची बेटे यांतून त्याचा ‘कूप्-कूप्’ असा घुमणारा आवाज ऐकू येतो. किडे, गोगलगायी, सरडे, लहान साप, तसेच इतर पक्ष्यांची अंडी व पिले हे त्याचे भक्ष्य होय. कोकिळेप्रमाणे तो परक्या घरट्यात अंडी घालत नाही. दाट झुडपात स्वतःचे गोलसर घरटे बांधतो व नर-मादी दोघेही पिले वाढवतात. त्याचे दर्शन शुभ मानतात.